वारसावास्तूचे अतिथिगृह: घर उघडताना गाव बाहेर राहू नये

गोव्यातील जुनी घरे प्रामुख्याने दोन वाटांनी नाहीशी होतात. काही घरांचे वारसदार मुंबई, लिस्बन वा लंडनमध्ये स्थायिक झालेले असतात. कौले फुटतात, वासे कुजतात, दोन-तीन पावसाळे निघून जातात आणि एका रात्री भिंत बसते. उरलेली घरे विकली जातात व त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहतात. गेल्या चार दशकांत या दोहोंखेरीज तिसरी वाट रूढ झाली आहे. घराचे मूळ रूप राखून त्यात मोजक्या खोल्यांचे अतिथिगृह चालविण्याची ही वाट. व्यवहारात त्यास ‘हेरिटेज हॉटेल’ किंवा ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात. खोल्या थोड्या, प्रत्येक खोलीचे रूप निराळे आणि वास्तूचा इतिहास हेच मुख्य आकर्षण, ही त्याची सर्वसाधारण लक्षणे होत.

या मार्गाने वास्तू वाचते, यात शंका नाही. मात्र कोणतेही जुने घर एकटे उभे नसते. त्याच्याभोवती वाडा असतो, विहीर असते, कपेल किंवा देऊळ असते, मुंडकारांची घरे असतात, सणाउत्सवाच्या वहिवाटी असतात. घर दुरुस्त झाले आणि या सर्वांशी असलेला त्याचा संबंध तुटला, तर भिंती उरतात व वारसा जातो. म्हणूनच अशा उपक्रमाची पारख करताना छपराइतकेच फाटकाकडेही पाहावे लागते.

कल्पनेचा उगम

ऐतिहासिक वास्तूंत प्रवाशांची सोय करण्याची कल्पना शासकीय पातळीवर प्रथम स्पेनने राबविली. तेथील ‘पारादोर’ मालिकेतील पहिले अतिथिगृह 1928 साली ग्रेदोस पर्वतात सुरू झाले. पुढे किल्ले, मठ आणि राजवाडे या मालिकेत आले. पोर्तुगालने 1942 साली एल्व्हास येथे पहिली ‘पोउझाद’ उघडली आणि नंतरच्या काळात जुने मठ व गड त्या योजनेत सामावून घेतले. पोउझाद म्हणजे मुक्कामाची जागा. गोव्यातील काही अतिथिगृहांच्या नावांत हा शब्द आजही आढळतो.

भारतात संस्थानांच्या विलीनीकरणानंतर राजवाड्यांच्या देखभालीचा प्रश्न उभा राहिला. उदयपूरच्या पिछोला तलावातील जगनिवास महालाचे 1963 साली हॉटेल झाले. राजस्थान-हरियाणा सीमेवरील नीमराणा किल्ला 1991 साली पाहुण्यांसाठी खुला झाला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात 1950 पूर्वी बांधलेले वाडे, हवेल्या, किल्ले व निवासी घरे वारसा हॉटेल म्हणून पात्र ठरतात. किमान पाच खोल्यांची अट आहे, वास्तूच्या वयानुसार श्रेणी ठरतात आणि दर्शनी भाग व पारंपरिक शैली कायम राखावी लागते.

समाजाच्या सहभागाच्या दृष्टीने इटलीतील एक प्रयोग अधिक बोलका आहे. 1976 च्या भूकंपात फ्रिउली प्रांतातील गावे उद्ध्वस्त झाली. त्यांच्या पुनर्बांधणीच्या विचारातून ‘विखुरलेले अतिथिगृह’ ही कल्पना पुढे आली. एका मोठ्या इमारतीऐवजी गावातील अनेक रिकाम्या घरांत खोल्या असतात, स्वागतकक्ष एका ठिकाणी असतो आणि न्याहारी गावातल्याच एखाद्या जागी मिळते. पाहुणा खोलीतून बाहेर पडला की थेट गावाच्या गल्लीत येतो, त्यामुळे गाव जिवंत असल्याखेरीज हे अतिथिगृह चालू शकत नाही.

गोव्यातील घराची घडण

गोव्यात प्रामुख्याने दोन परंपरांची मोठी घरे आढळतात. हिंदू घराण्यांचे वाडे चौकाभोवती रचलेले असतात. मधोमध राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, भोवती वसरी, आत देवघर व माजघर आणि मागील बाजूस स्वयंपाकघर. घराचे तोंड आतल्या चौकाकडे असते. ख्रिस्ती घराण्यांची घरे रस्त्याकडे पाहतात. पायऱ्या चढून गेल्यावर दोन्ही बाजूंस बसण्यासाठी दगडी सोपो असलेले बाल्कांव, पुढे दिवाणखाना, मोठ्या घरांत नृत्याचे दालन, घरातील प्रार्थनास्थान आणि उंच खिडक्यांची रांग. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी घासून पातळ केलेल्या शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून मंद, दुधाळ उजेड येतो आणि ऊन आत घुसत नाही.

बाल्कांव आणि वसरी या दोन्ही जागा अर्ध्या घराच्या व अर्ध्या गावाच्या असतात. संध्याकाळी शेजारी तेथेच टेकतात, पोदेर तेथेच पाव देतो, निरोप तेथेच पोहोचतात. घराचे अतिथिगृह झाले की सर्वप्रथम याच जागांचा उपयोग बदलतो.

फोंताईनास: वस्तीतले अतिथिगृह

पणजीतील फोंताईनास ही वस्ती आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, ऊरे खाडीच्या बाजूला वसली आहे. टेकडीच्या पायथ्याला असलेल्या झऱ्यांवरून तिला हे नाव पडले. मोझांबिकमध्ये संपत्ती मिळवून परतलेल्या आंतोनियो जुवांव द सिकैर या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे माडांची बागायत केली. ‘मोसमीकार’ या टोपणनावाने तो ओळखला जाई. व्हाइसरॉयने 1759 साली आपले निवासस्थान पणजीतील आदिलशाही वाड्यात हलविले आणि 1843 साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. शासकीय सेवकांची व व्यापाऱ्यांची घरे वाढत गेली आणि माडांच्या बागेची वस्ती बनली. सेंट सेबॅस्टियनचे कपेल 1818 सालचे आहे. पावसाळ्यानंतर घरे रंगविण्याची आणि पांढरा रंग चर्च-कपेलांसाठी राखून ठेवण्याची प्रथा पोर्तुगीज काळापासूनची आहे. पिवळ्या, निळ्या व तांबड्या भिंतींचे आजचे चित्र त्या प्रथेतून आले.

या वस्तीतील ‘पणजी इन’ हे गोव्यातील वारसा अतिथिगृहांपैकी आरंभीचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे एका कुटुंबाचे घर विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात त्याच कुटुंबाने पाहुण्यांसाठी खुले केले. पुढे समोरच्या बाजूचे चौक असलेले एक हिंदू घर आणि पूर्वी शाळा भरत असलेली एक इमारतही याच पद्धतीने वापरात आली. जुने फर्निचर, लाकडी जिने आणि गच्च्या कायम राहिल्या आणि चित्रप्रदर्शनासाठी दालनही निघाले.

या उदाहरणातून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे मालकी व व्यवस्थापन घराण्याकडेच राहिले. दुसरी म्हणजे काम एकदम न करता टप्प्याटप्प्याने झाले. एका वास्तूचा अनुभव दुसरीच्या कामी आला आणि मोठ्या कर्जाचा भार घेऊन खोल्यांची संख्या वाढविण्याची घाई करावी लागली नाही. तिसरी म्हणजे या इमारती वस्तीच्या गल्लीतच राहिल्या, त्यांच्याभोवती कुंपणाचे स्वतंत्र आवार तयार झाले नाही.

मात्र फोंताईनासची पुढील कहाणी सावध करणारी आहे. वस्ती प्रसिद्ध झाली तसे छायाचित्रांसाठी येणाऱ्यांचे लोंढे वाढले. लोकांच्या पायऱ्यांवर बसून, दारे-खिडक्यांसमोर उभे राहून छायाचित्रे काढण्याविरुद्ध रहिवाशांनी वारंवार तक्रारी केल्या, घरांवर मनाईचे फलक लावले. घराचे भाडे पर्यटकांकडून अधिक मिळू लागले की वर्षभर राहणारा भाडेकरू परवडेनासा होतो. एखादे अतिथिगृह वस्तीला आधार देते. तशी पंचवीस झाली आणि राहते कुटुंब उरले नाही, तर पाहुणा जे पाहण्यासाठी येतो तेच नाहीसे होते.

तेरेखोल: किल्ल्यातील खोल्या आणि किल्ल्याखालचे गाव

तेरेखोलची गोष्ट वेगळी आहे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावरील हे गाव गोव्याच्या उर्वरित भूमीपासून नदीने तुटलेले आहे. केरीहून फेरीबोटीने तेथे जावे लागते आणि खुष्कीचा मार्ग सिंधुदुर्गातून जातो. सावंतवाडीकर खेम सावंत भोसले यांनी सतराव्या शतकात हा किल्ला उभारला. 1746 साली तो पोर्तुगिजांनी जिंकला आणि आत सेंट अँथनीचे चर्च झाले. गोवा मुक्तिसंग्रामात या किल्ल्याला मानाचे स्थान आहे. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेद आफोन्स यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकविला व त्यासाठी तुरुंगवास भोगला.

मुक्तीनंतर किल्ल्यातील खोल्या पाहुण्यांना देण्यात येऊ लागल्या. पुढे येथे सात खोल्यांचे अतिथिगृह झाले. प्रत्येक खोलीला आठवड्यातील एकेका वाराचे नाव देण्यात आले होते. तटावरून नदी, समुद्र आणि केरीचा किनारा दिसतो. अशी जागा क्वचितच लाभते.

परंतु किल्ला हे एका कुटुंबाचे घर नव्हे. गावातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी आतील चर्च हे श्रद्धास्थान आहे आणि वार्षिक फेस्ताला गाव तेथे जमतो. सत्याग्रहामुळे तो साऱ्या गोव्याचे स्मारकही ठरतो. अशा वास्तूत खोल्या भाड्याने देताना कोणता भाग पाहुण्यांचा, कोणता भाविकांचा आणि कोणता सर्व नागरिकांचा, हे करारातच नोंदविलेले असावे लागते. पहारेकऱ्याच्या मर्जीवर ते सोडता येत नाही. याच गावात शेतजमिनी व बागायती गोल्फ मैदानाच्या प्रकल्पासाठी देण्यावरून कुळे आणि प्रवर्तक यांच्यातील वाद न्यायालयांपर्यंत गेला. पर्यटनाचा लाभ कोणाला आणि जमीन कोणाची, हा प्रश्न लहान गावात किती तीव्र होतो, हे त्यातून दिसले.

प्रत्येक वास्तूचे हॉटेल होणे आवश्यक नाही

सार्वजनिक स्वरूपाच्या वास्तूंसाठी इतर पर्यायही आहेत. मांडवीच्या मुखाशी असलेला रेइश मागुशचा किल्ला विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तुरुंग म्हणून वापरात होता. ‘इंटॅक’ ही संस्था, हेलन हॅम्लिन ट्रस्ट आणि राज्य शासन यांच्या सहकार्याने, वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली त्याचे जतन झाले आणि 2012 साली तो सांस्कृतिक केंद्र म्हणून खुला झाला. मारियो मिरांडा यांची चित्रे तेथे पाहता येतात. केपे येथील 1787 सालच्या ‘पालासियु दु देआंव’ या वाड्याचे जतन खासगी प्रयत्नांतून झाले. तेथे घर व बाग दाखविली जाते आणि आगाऊ कळविल्यास भोजनाची व्यवस्था होते. चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा घर कुटुंबाच्या निवासासह अभ्यागतांना पाहता येते. म्हणजे केवळ दर्शन, दर्शनासह भोजन, थोड्या खोल्यांचे घरगुती निवास आणि पूर्ण अतिथिगृह अशा पायऱ्या आहेत. घराच्या प्रकृतीनुसार पायरी निवडावी. ज्या घरात वृद्ध आईवडील राहतात, तेथे दोन खोल्या पुरेशा होतात.

मालकीचा पेच

गोव्यात अशा उपक्रमाची खरी अडचण बहुधा भिंतीत नसते, ती कागदपत्रांत असते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यात पती-पत्नींची संपत्ती सामायिक मानली जाते आणि अपत्यांना वारशातील निम्मा वाटा सक्तीने मिळतो. इच्छापत्राने तो काढून घेता येत नाही. हा न्याय्य नियम आहे. परंतु तीन पिढ्यांत वाटणी झाली नाही, तर एका घराला अनेक मालक होतात आणि त्यांतील काही परदेशी नागरिक असतात. सर्वांच्या संमतीविना कर्ज, दीर्घ भाडेकरार किंवा मोठी दुरुस्ती अशक्य होते. 2012 च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यान्वये वारशाची नोंद व वाटणीची कार्यवाही होते. ती आधी पूर्ण करणे, अथवा सर्व वारसदारांनी मिळून घर अखंड ठेवण्याचा लेखी करार करणे, ही पहिली पायरी होय.

दुसरा मुद्दा मुंडकारांचा. 1975 च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना संरक्षण दिले आणि ते घर विकत घेण्याचा हक्क दिला. वाड्याच्या आवारातील अशी घरे ‘दृश्य बिघडवितात’ म्हणून हटविण्याचा विचार बेकायदा तर आहेच, शिवाय अदूरदर्शीही आहे. त्या घरांतील माणसांना वाड्याची नाडी ठाऊक असते. कोणत्या महिन्यात कोणती विहीर आटते आणि कोणत्या कोपऱ्यातून वाळवी चढते, हे तीच सांगू शकतात.

त्यानंतर परवाने येतात. 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद, पंचायत वा नगरपालिकेचा परवाना, अग्निशमन व आरोग्य खात्यांची मान्यता. फोंताईनाससारख्या संवर्धन विभागात दर्शनी भागातील बदलांवर नियोजनाचे निर्बंध आहेत. नदी, खाडी व समुद्राकाठच्या घरांना किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात.

दुरुस्तीचे शास्त्र

जुन्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्यांच्या असतात. जांभा सच्छिद्र असतो, तो पावसात पाणी शोषतो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, रंग सोलवटतो आणि चिरे आतून झिजतात. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात ही चूक फार महाग पडते. म्हणून विरविलेला चुना वापरणारे गवंडी शोधणे हे दुरुस्तीतील पहिले काम ठरते. असे कारागीर थोडे उरले आहेत. अनुभवी गवंड्याच्या हाताखाली गावातील दोन तरुण ठेवले, तर घर दुरुस्त होते आणि विद्याही गावात राहते.

छपराचा क्रम भिंतींच्या आधी येतो. मंगळूर येथे बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना सुरू केला. त्यानंतर चपट्या मंगळुरी कौलांनी जुन्या नळीच्या कौलांची जागा हळूहळू घेतली. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, कुजलेले वासे बदलणे आणि पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर नेणे, एवढे नियमित केले तरी घराचे आयुष्य कितीतरी वाढते.

सर्वांत नाजूक प्रश्न न्हाणीघरांचा असतो. जुन्या घरांत ती मुख्य घरापासून दूर असत. आता प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर हवे असते. ते लाकडी तक्तपोशीवर बांधल्यास खालच्या तुळया भिजून कुजतात. तळमजल्यावरील दगडी जमिनीच्या बाजूच्या खोल्यांत ती सोय करणे हितकारक. सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून पुरेशा अंतरावर असावा लागतो, कारण त्याच भूजलावर शेजाऱ्यांच्या विहिरीही अवलंबून असतात. विजेच्या तारा भिंती फोडून आत घालण्यापेक्षा वरून नळीतून नेल्यास चिरे अबाधित राहतात व पुढील दुरुस्ती सोपी होते. उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या आणि खोल वसरी यांमुळे ही घरे मुळातच हवेशीर असतात. सरसकट वातानुकूलनासाठी खिडक्या बंद केल्यास लाकूड दमट राहते आणि बुरशी धरते.

गावाचा वाटा

‘समाजाभिमुख’ हा शब्द जाहिरातीत सहज लिहिता येतो. तो खरा आहे किंवा नाही, हे पाहण्याच्या कसोट्या मात्र साध्या आहेत.

पहिली कसोटी पाण्याची. मे महिन्यात गावाच्या नळाला दिवसाआड पाणी येत असताना पोहण्याचा तलाव भरला जात असेल, तर उरलेल्या गोष्टींना अर्थ राहत नाही. छपरावरील पावसाचे पाणी साठविणे व विहीर पुनर्भरित करणे हे मोठ्या कौलारू छपराच्या घराला सहज शक्य असते.

दुसरी कसोटी रोजगाराची. केवळ झाडलोट आणि पहारा ही कामे गावाला देऊन स्वागत, हिशेब व व्यवस्थापन बाहेरच्यांकडे ठेवल्यास गाव पोटमाळ्यावरच राहतो. गावातील तरुणाला वरच्या जागेपर्यंत पोहोचण्याची शिडी असावी लागते.

तिसरी कसोटी बाजाराची. न्याहारीचा पाव गावच्या पोदेराचा, मासळी गावच्या बाजारातील, नारळ-कोकम शेजारच्या कुळागरातील आणि भाजी हंगामाची असेल, तर पाहुण्याने दिलेल्या पैशाचा एक भाग गावातच फिरतो. पाहुण्यालाही जे कोठेही मिळते त्याऐवजी येथलेच काही मिळते.

चौथी कसोटी प्रवेशाची. घरातील कपेलाचा लदाइन्य, देवघरातील चवथ, शिगम्याची रोमटे अंगणात येण्याची वहिवाट, आवारातून देवळाकडे जाणारी पायवाट या गोष्टी घराच्या कागदपत्रांत नसल्या तरी गावाच्या स्मरणात असतात. त्या दिवशी फाटक उघडे ठेवावे, पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी आणि त्यांनी पाहुण्यासारखेच वागावे, ही अपेक्षा स्पष्ट सांगावी.

पाचवी कसोटी शांततेची. रात्री मोठ्याने संगीत, अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग आणि शेतात फेकलेल्या बाटल्या यांवरून गावाचे मत पक्के होते. एकदा झालेले मत बदलण्यास वर्षे लागतात.

या पाचही गोष्टींसाठी मोठा निधी लागत नाही. परवाना मागण्याआधी ग्रामसभेसमोर जाऊन त्या मांडल्या आणि लेखी मान्य केल्या, तर पुढील अनेक वाद टळतात.

घराचे आयुष्य

अतिथिगृहाचा हिशेबही सरळ आहे. जुन्या घराची देखभाल दरवर्षी करावी लागते आणि पाहुणे मात्र हंगामी असतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उत्पन्न घटते व दुरुस्तीचा खर्च वाढतो. म्हणून हंगामातील उत्पन्नाचा ठरावीक भाग केवळ छप्पर व भिंतींसाठी बाजूला ठेवणारी घरेच टिकतात. खोल्या वाढवून उत्पन्न वाढविण्याच्या मोहात मागच्या अंगणात नवी इमारत चढली, की वारसावास्तू तिची दर्शनी सजावट होऊन बसते.

ज्या घराण्याने घर बांधले त्याच्या वंशजांना ते राखता यावे, ज्या हातांनी चिरे रचले त्यांच्या नातवंडांना त्यात काम मिळावे आणि ज्या गावाच्या मातीतून ते उभे राहिले त्या गावाला त्याच्या पायरीवर बसता यावे, इतके जमले तर अतिथिगृह यशस्वी झाले असे म्हणता येते. सायंकाळी बाल्कांवच्या एका सोप्यावर पाहुणा आणि समोरच्या सोप्यावर शेजारची म्हातारी बसलेली दिसली, की त्या घराचा वारसा अजून चालू आहे असे समजावे.